बारा पोत्यांची चूक

सुशिक्षित गृहस्थ घर बांधावयास काढतो तेव्हा खिडक्यांची नक्षी, फरशीचा रंग आणि देवघराची दिशा यांविषयी घरात महिनामहिना खल चालतो. परंतु डोक्यावर जे छप्पर यावयाचे, त्यास सिमेंट, वाळू व खडी किती लागेल, हा प्रश्न मात्र कंत्राटदाराच्या खिशातील चिठ्ठीवर सोपविला जातो. आमच्या आजोबांच्या पिढीत माळवदावर पांढरी माती किती गाड्या पडेल, हे घरधन्यास तोंडपाठ असे. माळवदे गेली, स्लॅब आले. पण हा गृहस्थी हिशेब आपल्याबरोबर आला नाही. त्याची किंमत आम्ही स्वतः मोजली आहे, म्हणूनच हा लेखनप्रपंच.

काही वर्षांपूर्वी विश्रामबागेतील आमच्या राहत्या घराशेजारी बाहेरून बाहेर २० फूट लांब व १५ फूट रुंद असे दालन बांधावयाचे ठरले. स्लॅबची जाडी ५ इंच. आम्ही पेन्सिल घेऊन गुणाकार केला: ३०० चौरस फूट क्षेत्र, म्हणजे १२५ घनफूट काँक्रीट, त्यास २८ पोती सिमेंट. हात सैल सोडून आम्ही ३० पोती आणविली. कंत्राटदाराने मान डोलाविली, आम्हीही आपल्या गणितावर खूष झालो.

स्लॅब टाकण्याच्या दिवशी दुपारी चार वाजता तिसावे पोते फुटले. त्या वेळी स्लॅबचा जवळजवळ दोन पंचमांश भाग नुसत्या सळयांनिशी उघडा होता! दुकानाचा साप्ताहिक सुटीचा दिवस. सिमेंट मिळाले ते दुसऱ्या दिवशी सकाळी. तोपर्यंत आदल्या दिवसाचे काँक्रीट घट्ट झाले होते. त्यास चिकटून नवे ओतले खरे. पण आषाढात त्याच सांध्यातून पाणी झिरपू लागले आणि मातुःश्रींची खाट दोनदा हलवावी लागली. पुढे त्या गळतीच्या दुरुस्तीस जो खर्च आला, त्यात उणी पडलेली बारा पोती कितीदा तरी आली असती.

यंदा त्याच मापाचे दुसरे दालन काढले, तेव्हा हिशेबाची वही आम्ही पुतणीच्या हाती दिली. विश्रामबागेत १९४७ साली स्थापन झालेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयात ती शिकते. जुनी चिठ्ठी पाहून ती म्हणाली, "काका, तुमचा गुणाकार बरोबर आहे, मोजायचेच राहिले आहे. बीम कुठे आहेत?"

खरोखर, आम्ही छत मोजले होते. ज्यांवर ते टेकते त्या बीम मोजल्याच नव्हत्या! भोवतालच्या चार व मधली एक मिळून, कोपऱ्यांतील दुबार माप वगळता, त्यांची लांबी सुमारे ८० फूट भरते. रुंदी ९ इंच आणि स्लॅबच्या खाली उतरलेली खोली १ फूट. म्हणजे आणखी ६० घनफूट. एकूण काँक्रीट १२५ नव्हे, १८५ घनफूट.

आता दुसरी पायरी. हे १८५ घनफूट ओल्या, ठासलेल्या काँक्रीटचे माप झाले. कोरडा माल याहून बराच अधिक लागतो. तो का, हे थोरल्या वहिनींनी एका वाक्यात सांगितले: "भाऊजी, वाटीभर शेंगदाणे आणि वाटीभर साखर एकत्र केली तर दोन वाट्या कधी भरतात का?" खडीच्या फटींत वाळू बसते, वाळूच्या फटींत सिमेंट. म्हणून ओल्या मापास १.५४ ने गुणण्याचा प्रघात आहे. १८५ चे याप्रमाणे २८५ घनफूट होतात.

सळयांच्या काँक्रीटसाठी भारतीय मानकाप्रमाणे निदान एम-२० प्रतीचे मिश्रण हवे. घरगुती कामात ते १ भाग सिमेंट, दीड भाग वाळू व ३ भाग खडी असे धरतात. एकूण भाग साडेपाच. २८५ ला साडेपाचाने भागले की सिमेंट सुमारे ५२ घनफूट, वाळू ७८ घनफूट व खडी १५५ घनफूट येते. ५० किलोच्या पोत्यात सुमारे सव्वा घनफूट सिमेंट असते; म्हणजे ४२ पोती. शेकडा ५ सांडलवंड धरून ४४ मागवावी. बीम विसरल्याने नेमकी बारा पोती उणी पडली होती, हे येथे वाचकांच्या ध्यानी येईलच.

वाळू व खडी आपल्याकडे ब्रासने विकतात. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. गाडी दारात आली की रिती होण्यापूर्वी टेप लावावी: हौदा १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि माल २० इंच भरलेला असेल तर ब्रास पुरा. वाळूची आणखी एक खोड आहे. ती किंचित दमट असली की फुगते, आणि हा फुगवटा शेकडा २० ते ३० पर्यंत जातो. काचेच्या उभ्या पेल्यात दमट वाळू भरून तीत पाणी ओतले की ती किती खाली बसते ते दिसते. परीक्षा मुलेही करू शकतील. या कारणाने आम्ही वाळू १ ब्रास व खडी पावणेदोन ब्रास मागविली.

कामावर माप घमेल्याने न घेता लाकडी पेटीने घ्यावे. १५ इंच लांब, १२ इंच रुंद व १२ इंच खोल पेटीत बरोबर सव्वा घनफूट माल मावतो. एका पोत्यास वाळूच्या दीड व खडीच्या तीन पेट्या. पाणी पोत्यामागे ३० लिटरांपलीकडे जाऊ देऊ नये. मिश्रण सरकत नाही म्हणून गडी बादलीभर पाणी अधिक ओततात. त्या बादलीने काम सोपे होते आणि स्लॅब दुबळा होतो. तसेच सेंटरिंग अर्धा इंच जरी खाली बसले, तरी साडेबारा घनफूट काँक्रीट, म्हणजे जवळजवळ ३ पोती, नकळत खर्ची पडतात.

सळयांचा अंदाज मात्र अभियंत्याच्या आराखड्यावरूनच करावा. सळईची जाडी मिलिमीटरमध्ये घेऊन तिचा वर्ग करावा व १६२ ने भागावे, की एका मीटरचे वजन किलोत मिळते. १० मिलिमीटरच्या सळईचे ते सुमारे ०.६२ किलो येते. सांध्यांवर चढविलेली लांबी व बांधण्याची तार यांत मिळविण्यास विसरू नये.

राहिला पैशाचा अंदाज. भाव रोज बदलतात. सिमेंटवरील वस्तू व सेवा कर सप्टेंबर २०२५ मध्ये शेकडा २८ वरून १८ वर आला, म्हणून शेजाऱ्याची जुनी पावती प्रमाण मानू नये. वहीत सिमेंट, वाळू, खडी, सळई, सेंटरिंग, मजुरी, यंत्रांचे भाडे, वाहतूक व पाणी अशी निरनिराळी कलमे पाडून प्रत्येकाचा त्या आठवड्याचा भाव लिहावा. सेंटरिंगचा दर चौरस फुटावर असतो. आमचे छत ३०० फूट असले तरी बीमच्या दोन्ही बाजू धरून बिल ४६० फुटांचे होते. बाजू धरल्या आहेत की नाही, हे आधी लेखी ठरवावे. काम उक्ते दिले तरी ही कलमे सोडू नयेत. उक्त्या आकड्यात काय बसले व काय सुटले, हे त्यांवरूनच कळते. तयार काँक्रीट गाडीने आणावयाचे असेल तर मागणी घनमीटरात द्यावी लागते. आमचे १८५ घनफूट म्हणजे सव्वापाच घनमीटर.

स्लॅब पडला म्हणजे खर्च संपला असेही नाही. साध्या सिमेंटास निदान ७ दिवस व मिश्र सिमेंटास १० दिवस ओलावा राखावा लागतो. आळी करून दोन इंच पाणी साठविण्यास या छतावर एका वेळी सुमारे १४०० लिटर लागतात. वैशाखातील सांगलीच्या उन्हात ते पुनःपुन्हा भरावे लागते. टँकर आणावा लागणार असेल तर तोही वहीत धरावा.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या भूकंपाने आपल्या या भागास जागे केले, ते आठवणारी माणसे अजून घरोघर आहेत. अशा प्रदेशात छपराच्या मालात केलेली काटकसर ही काटकसर नव्हे. आमच्या दुसऱ्या स्लॅबास ४३ पोती लागली, एक उरले. संध्याकाळी ते कोपऱ्यात उभे केलेले पाहून मातुःश्री म्हणाल्या, "उरले ते बरे." त्या एका पोत्याचे पैसे आम्ही अद्याप वाया गेले असे मानीत नाही.