तिकीट नाचाचं, प्रवचन फ्री!

तुमचा एखादा सीनियर एमएस करायला अमेरिकेत गेला असेल, तर त्याला फक्त 'शेन युन' एवढं विचारा. बहुतेक हसेलच. हवेत झेप घेतलेली चिनी नर्तकी, रंगीत रेशमी पोशाख आणि 'पाच हजार वर्षांची संस्कृती पुन्हा जिवंत' अशा अर्थाची टॅगलाइन. हे पोस्टर तिकडे हायवेच्या होर्डिंगवर, दुकानांच्या काचांवर, घराच्या टपालपेटीत, कुठेही गाठतं. त्यावरचे मीम्स तर विचारूच नका.

शो भारी असतो, हे आधी सांगून टाकते. क्लिप्स बघूनही ते कळतं. शेन युनची सुरुवात २००६ मध्ये न्यूयॉर्क राज्यात झाली. आज त्यांचे अनेक ताफे एकाच वेळी जगभर दौरे करतात. पाश्चात्त्य वाद्यांसोबत पिपा आणि अर्हू वाजवणारा लाइव्ह ऑर्केस्ट्रा, एका लयीत फिरणाऱ्या लांबलचक बाह्या आणि मागे प्रचंड डिजिटल पडदा. पडद्यावर उडत आलेली परी पुढच्या क्षणी खरीखुरी स्टेजवर उभी! मंकी किंगची गोष्ट, मंगोलियन नृत्य, सगळं लहान लहान तुकड्यांत. कंटाळायला वेळच नाही.

आणि मग मध्येच सीन बदलतो. आजचा चीन, एक बाग, डोळे मिटून ध्यानाला बसलेली साधी माणसं. पोलीस येतात, त्यांना मारहाण करतात. नंतर एखादा गायक एकटाच पुढे येतो. गाण्याचे शब्द भाषांतरासह पडद्यावर उमटतात: सृष्टी ईश्वराने घडवली, नास्तिकता आणि उत्क्रांतीचा सिद्धांत माणसाला भरकटवतात, अशा आशयाचे. पोरांना मंकी किंग दाखवायला आलेले आईबाबा एकमेकांकडे बघतात. अरे, हे कुठून आलं? जिया टोलेंटिनो या लेखिकेने २०१९ मध्ये 'द न्यू यॉर्कर'मध्ये याच गोंधळलेपणावर मोठा लेख लिहिला होता.

तर, ध्यानाला बसलेली ती माणसं फालुन गाँगची. त्यालाच फालुन दाफा असंही म्हणतात. ली होंगझी यांनी १९९२ मध्ये चीनमध्ये सुरू केलेला हा पंथ. श्वास, संथ हालचाली, ध्यान आणि सोबत सत्य-करुणा-सहनशीलतेची शिकवण. अनुयायी प्रचंड वाढले तसं सरकार बिथरलं. जुलै १९९९ मध्ये बंदी आली, मग अटका, तुरुंग आणि छळ. शेन युन उभं केलं ते या पंथाच्या परदेशातल्या अनुयायांनी. म्हणजे स्टेजवरची मारहाण कपोलकल्पित नाही. चीनचे दूतावास आजही वेगवेगळ्या देशांतल्या थिएटरवाल्यांना शो रद्द करा म्हणून पत्रं पाठवतात. अशा लोकांना 'प्रचारकी' म्हणून उडवून लावणं मला पटत नाही. आपलं दुःख स्टेजवर मांडायचा हक्क त्यांना आहेच की.

खटकतं ते वेगळंच. तिकीट सहज शंभर डॉलरच्या पुढे जातं आणि ते विकलं जातं 'चिनी शास्त्रीय नृत्य' म्हणून. जाहिरातीत पंथाचा ठळक उल्लेख शोधून सापडत नाही. अगदी लपवलंय असंही नाही हं. वेबसाइटवर खोलात गेलात तर माहिती मिळते. पोस्टरवर तळाशी, बारीक अक्षरांत, आयोजक म्हणून बऱ्याचदा स्थानिक फालुन दाफा असोसिएशनचं नाव असतं. पण तेवढं वाचून कोण तिकीट काढतं?

स्टेजवरून विचार सांगणं आपल्याला काही नवीन नाही. कीर्तनाला बसणाऱ्याला पूर्वरंगात निरूपण येणार, हे ठाऊक असतं. सत्यशोधक जलसे, आंबेडकरी जलसे घ्या. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी १९४४ मध्ये कलापथक काढलं, त्याचं नावच मुळी 'लाल बावटा'! वग रंगायचा, पोवाडा कडाडायचा, पण कोणाचा झेंडा याबद्दल मैदानात बसलेल्या शेवटच्या माणसालाही शंका नसायची. पटलं नाही तर उठून जा. इथे मात्र ते कळेपर्यंत तुम्ही रांगेच्या मधोमध बसलेले असता, पैसे भरून.

आपल्याकडे २०२१ पासून इन्फ्लुएन्सरने पैसे घेऊन लिपस्टिक दाखवली तरी 'ॲड' असं लेबल लावायचं, हा जाहिरात क्षेत्रातल्या 'आस्की' या संस्थेचा नियम आहे. तीस सेकंदांच्या रीलला लेबल आणि दोन तासांच्या शोला नाही?

मास कॉमवाल्यांसाठी अजून एक मसाला. शो संपल्यावर भारावलेल्या प्रेक्षकांच्या मुलाखती छापण्यात सगळ्यात पुढे असतो 'द एपॉक टाइम्स'. हे वृत्तपत्रही फालुन गाँगच्याच अनुयायांनी काढलेलं. म्हणजे शो त्यांचा, रिव्ह्यूही त्यांचाच. बाहेरच्या पत्रकारांनी खोदायला घेतलं तेव्हा चित्र बदललं. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने २०२४ मध्ये लिहिलं, की शेन युनकडे २६ कोटी डॉलरहून जास्त मालमत्ता जमली आहे आणि काही माजी कलाकारांच्या म्हणण्यानुसार तिथे दुखापतींकडे दुर्लक्ष व्हायचं. त्याच वर्षी एका माजी नर्तकीने कोर्टात धाव घेतली. संस्थेने हे आरोप फेटाळले आहेत.

यांचा सीझन साधारण डिसेंबरात सुरू होतो, म्हणजे फॉल सेमिस्टर संपता संपता. तिकडच्या कुणी फुकट तिकीट दिलं तर जरूर जा, ऑर्केस्ट्रा खरंच लाइव्ह असतो. फक्त पोस्टरच्या तळाची ती बारीक ओळ झूम करून वाचा आणि शेजारच्या सीटवाल्यालाही दाखवा.