परड्यातील पानओवा

पानओवा आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिलेला आहे. परंतु त्याविषयी दोन गैरसमज सर्रास आढळतात. भज्यांत घालावयाचा ओवा याच झाडाचा, हा पहिला. वस्तुतः दाण्यांचा ओवा हे कोथिंबिरीच्या कुळातील, दरवर्षी पेरावे लागणारे पीक होय. पानओवा तुळस-पुदिन्याच्या कुळातील असून वर्षानुवर्षे टिकतो. दोहोंचा वास जुळतो तो थायमॉल व कार्व्हाक्रॉल या सुगंधी द्रव्यांमुळे.

दुसरा गैरसमज असा की, त्यास पाणी भरपूर हवे. त्याची जाड, लुसलुशीत पाने स्वतःच पाणी साठवितात. जांबोटीसारख्या मुसळधार पावसाच्या गावी तो मरतो तो मुळांशी पाणी साचून कुजल्याने. म्हणून मृगापूर्वीच चार-पाच बोटे लांबीची फांदी तोडून, खालची पाने काढून, ती भोक असलेल्या कुंडीत लावावी. माती, वाळू व कुजलेले शेणखत समभाग घ्यावे. कुंडी पडवीत उजेडाला ठेवावी. दोन-तीन आठवड्यांत मुळे धरतात. पुढे शेंडे खुडीत राहिल्यास झाड दाट होते.

पाने डाळीच्या पिठात बुडवून भजी करतात, हे सर्वश्रुत आहे. आमचे कन्नड शेजारी यास दोड्डपत्रे, म्हणजे मोठे पान, म्हणतात व त्याची तंबळी करतात. आठ-दहा पाने, अर्धा चमचा जिरे व चार मिरी चमचाभर तुपात परतावी. मूठभर ओल्या खोबऱ्याबरोबर वाटून ताकात कालवावी. मीठ व मोहरी-मिरचीची फोडणी द्यावी. ही उकळावयाची नसते, भाताबरोबर खावी. वेस्ट इंडीजमध्ये हीच पाने मांस-मासळीस लावतात. आम्ही खिम्यात दोन पाने चिरून घालतो. अधिक घातल्यास मात्र पदार्थ उग्र होतो. खोकल्यावर पानांचा काढा देण्याची चाल आहे. परंतु मुलास धाप लागली किंवा ताप हटेना, तर डॉक्टरांकडेच जावे.

या झाडास फुले क्वचित येतात, बी तर त्याहून दुर्मिळ. त्यामुळे पेरून ते वाढत नाही. एका घरची फांदी दुसऱ्या घरी जाते, तेव्हाच त्याचा वंश चालतो. एका पावसाळ्यात आपले झाड गेले, तर ते परत मिळते शेजाऱ्यास पूर्वी दिलेल्या फांदीतूनच. ज्याने कोणासच दिली नाही, त्याचे कायमचे गेले. ट्रस्टच्या प्रत्येक कुटुंबाने यंदा एक फांदी लावावी आणि ती रुजताच दोन घरी द्यावी, एवढीच आमची विनंती आहे.