पहिलटकरणीचे बाळंतपण : निर्णय कोणता आणि केव्हा?

आपल्या बिदर-कलबुर्गी भागातील मराठी कुटुंबांत पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आजही टिकून आहे. येथील सोयरिकीला राज्याची सीमा आडवी येत नाही. उदगीर, देगलूर, निलंग्याला दिलेली लेक सातव्या महिन्यात ओटी भरून भालकी, औराद किंवा बसवकल्याणला येते. येथील सून लातूर-सोलापूरकडे माहेरी जाते. माहेरच्या मायेचा आधार मोलाचा आहेच. परंतु वैद्यकीय दृष्टीने पाहता याच सुमारास तिचे गाव बदलते, डॉक्टर बदलतात, पुष्कळदा राज्यही बदलते; आणि प्रसूती कशी व्हावी याचा विचारही नेमका तेव्हाच करावयाचा असतो.

बऱ्याच वर्षांपूर्वीची एक घटना मला आजही टोचते. एक पहिलटकरीण आठवा महिना संपताना माहेरी आली होती. तपासणीचे कागद सासरीच राहिले होते. मध्यरात्री कळा सुरू झाल्या म्हणून तिला माझ्याकडे आणले. गर्भाशयाचे तोंड जेमतेम तीन सेंटिमीटर उघडले होते. बाळाचे ठोके उत्तम होते. पहाटेपर्यंत फारशी प्रगती दिसेना. नातेवाईक म्हणाले, "डॉक्टर, उगाच धोका नको." मीही फार विचार न करता सिझेरियन केले. माय-लेकरू सुखरूप घरी गेले, पेढे वाटले गेले. चार वर्षांनी तीच मुलगी दुसऱ्या खेपेस आली, तेव्हा वार जुन्या व्रणात रुतलेली होती. रक्तस्राव आवरेना; अखेर गर्भाशय काढावे लागले. ती वाचली. परंतु त्या पहिल्या रात्री मी आणखी थांबावयास हवे होते, असे आता मला वाटते.

आम्ही शिकलो ते फ्रीडमन यांच्या १९५५ च्या आलेखावर : तासाला सुमारे एक सेंटिमीटर प्रगती हवी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये ही कसोटी सर्वांना लागू पडत नाही असे स्पष्ट केले. प्रसूतीचा सक्रिय टप्पा पाच सेंटिमीटरपासून धरावा. पहिलटकरणीत तो सामान्यतः बारा तासांपर्यंत, व त्यापुढचा जोर देण्याचा टप्पा तीन तासांपर्यंत चालू शकतो. आई व बाळ यांची स्थिती चांगली असेल, तर केवळ गती मंद आहे म्हणून शस्त्रक्रिया करू नये.

याचा अर्थ सिझेरियन वाईट असा कोणी घेऊ नये. वार गर्भाशयाच्या तोंडावर असणे, बाळ आडवे असणे, ठोके बिघडणे किंवा प्रसूती खरोखर अडणे, अशा वेळी हीच शस्त्रक्रिया दोन जीव वाचवते. मात्र राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१९-२१ मध्ये भारतातील सिझेरियनचे प्रमाण २१.५ टक्के होते. कर्नाटकात ते ३१.५ टक्के आढळले. देशभरातील सरकारी रुग्णालयांत १४.३ आणि खासगी रुग्णालयांत ४७.४ टक्के ही तफावत आम्हा डॉक्टरांना विचार करावयास लावणारी आहे. पहिल्या सिझेरियननंतर नैसर्गिक प्रसूती अनेकींना शक्य असते. पण त्यासाठी सुसज्ज रुग्णालय लागते, आणि प्रत्येक नव्या व्रणासोबत वार रुतण्याचा धोका वाढतो. म्हणून पहिल्या खेपेचा निर्णय पुढच्या खेपांचाही असतो.

मुहूर्ताच्या आग्रहाबद्दलही लिहिणे भाग आहे. वैद्यकीय कारण नसताना ३९ आठवड्यांपूर्वी केलेल्या सिझेरियनमध्ये बाळाला श्वसनाचा त्रास होण्याची शक्यता अधिक असते. पत्रिकेतील शुभ घटिकेसाठी ही जोखीम पत्करू नये. कळा सोसवणार नाहीत या भीतीवर उपाय आहेत : जवळचे माणूस सोबत असणे, चालण्या-फिरण्याची मोकळीक आणि भूलतज्ज्ञ उपलब्ध असल्यास पाठीतून दिली जाणारी वेदनाशामक भूल. या भुलीने जोर देण्याचा टप्पा थोडा लांबू शकतो. सिझेरियनचे प्रमाण त्यामुळे वाढत नाही. रक्तदाब किंवा मधुमेह असल्यास, अथवा तारीख उलटून गेल्यास, औषधाने कळा आणणे हाही योग्य मार्ग ठरतो.

तेव्हा पद्धतीआधी ठिकाण ठरवावे. सातव्या महिन्यातच चौकशी करावी : रात्री भूलतज्ज्ञ येतील काय? रक्त कोठून मिळेल? नवजात बाळाची सोय आहे काय? रक्तदाब, तीव्र पांडुरोग, जुळे किंवा पायाळू बाळ असल्यास तालुक्याच्या गावी न थांबता बिदर किंवा कलबुर्गीच्या वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न रुग्णालयासारख्या मोठ्या ठिकाणी आधीच नाव नोंदवावे. कर्नाटकातील तायी कार्ड असो वा महाराष्ट्रातील माता-बाल संरक्षण कार्ड, ओटीच्या साडीसोबत तेही पिशवीत असलेच पाहिजे. १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक दोन्ही राज्यांत चालतो.

आणि माझ्या व्यवसायबंधूंना एक विनंती. सिझेरियन करावे लागल्यास त्याचे नेमके कारण व गर्भाशयावरील छेदाचा प्रकार घरी जातानाच्या कागदावर स्वच्छ अक्षरांत लिहावा. पुढची खेप कोणत्या गावी, कोणत्या भाषेच्या डॉक्टरपुढे येईल, हे आपल्या भागात कोणालाच सांगता येत नाही. शेवटी, हा सारा विचार सासर-माहेरची वडीलधारी मंडळी करीत असताना, जिचे बाळंतपण आहे त्या मुलीलाही तिचे मत विचारावे.