ऑस्बोर्न-१ : छोट्या पडद्याची मोठी बदनामी

ऑस्बोर्न-१ हा जगातला पहिला पोर्टेबल संगणक, असं सर्रास छापलं जातं. तसं नाही. आयबीएमचा ५१०० हा १९७५ सालीच ‘पोर्टेबल’ म्हणून विकला जात होता. वजन साधारण २५ किलो आणि किंमत कित्येक हजार डॉलर. एप्रिल १९८१मध्ये अमेरिकेत आलेला ऑस्बोर्न १,७९५ डॉलरला मिळायचा, आणि मुख्य म्हणजे तो खपला.

पोर्टेबल म्हणजे मांडीवर घेऊन बसायचा, हीसुद्धा आजची समजूत. ही जवळपास ११ किलोची पेटी, मूठ धरून उचलायची, शिलाई मशीनसारखी. कीबोर्ड हेच तिचं झाकण. आत बॅटरी नाही! विमानाच्या सीटखाली ती मावायची खरी, पण चालू करायची तर प्लग पॉइंट शोधणं आलंच. बाहेरून जोडायचा बॅटरी पॅक वेगळा मिळे, तोही तासाभरापुरता.

सगळ्यांत जास्त थट्टा झाली ती ५ इंची पडद्याची. एका ओळीत ८० अक्षरं दिसावीत असा तेव्हाचा रिवाज, इथे दिसत फक्त ५२. म्हणून डिझाइनच चुकलं, असा निष्कर्ष काढला जातो. प्रत्यक्षात १२८ अक्षरांची ओळ मेमरीत असे. कंट्रोल आणि बाणाची कळ दाबली की पडद्यावरचा मजकूर आडवा सरके. लांब ओळीचं शेवटचं टोक बघायला सारखं असं सरकवत बसणं वैतागाचंच. पण मोठा मॉनिटर जोडायची सोय होती. दोन फ्लॉपी ड्राइव्हच्या मध्ये पडदा बसवून पेटी आटोपशीर ठेवायची, हे डिझाइनर ली फेल्सेनस्टीन यांनी समजूनउमजून ठरवलं होतं. माझ्या मते खरी अडचण फ्लॉपीची: एकीवर जेमतेम ९० केबी मावायचे.

बरं, स्वस्त म्हणजे सुमार असंही नाही. लेखनासाठी वर्डस्टार, हिशेबासाठी सुपरकॅल्क आणि प्रोग्रॅमिंगच्या बेसिक भाषेच्या दोन आवृत्त्या सोबतच मिळत. हे सगळं वेगळं घेतलं असतं तर जवळपास यंत्राइतकेच पैसे पडले असते. ही युक्ती कंपनीचे मालक अ‍ॅडम ऑस्बोर्न यांची. ते मुळात संगणकावरच्या पुस्तकांचे लेखक-प्रकाशक. बालपण तामिळनाडूत गेलेले हे ब्रिटिश गृहस्थ २००३मध्ये कोडाईकनालला वारले.

राहिली ती प्रसिद्ध दंतकथा. नवं मॉडेल वेळेआधीच जाहीर केलं, गिऱ्हाइकांनी जुनं घेणं थांबवलं आणि सप्टेंबर १९८३मध्ये कंपनीचं दिवाळं वाजलं. व्यवस्थापनाच्या पुस्तकांत याला ‘ऑस्बोर्न इफेक्ट’ म्हणतात. गोष्ट अगदीच खोटी नाही, अर्धी आहे. १९८२मध्येच केप्रो हा प्रतिस्पर्धी पोर्टेबल आला होता, ९ इंची पडदा आणि पूर्ण ८० अक्षरांची ओळ घेऊन. पाठोपाठ कॉम्पॅकचा पोर्टेबल आला. तो महाग होता, पण आयबीएम पीसीचे प्रोग्रॅम चालवायचा; ऑस्बोर्न ज्या सीपी/एम या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालायचा, तिचे दिवस तिथेच भरले. तेव्हा यापुढे कुणी ही गोष्ट बोधकथा म्हणून सांगू लागला, तर त्याला केप्रोची किंमत विचारा. तीही १,७९५ डॉलरच होती.