लाकडी शत्रू आणि चार पेठा : इटलीतल्या भालेझुंजींचा इतिहास

आज आपण एका लाकडी माणसाबद्दल बोलणार आहोत. त्याचं नाव बुरात्तो. इटलीतल्या तोस्काना प्रांतात आरेत्सो नावाचं शहर आहे. तिथल्या पियात्सा ग्रांदे या उतरत्या चौकात वर्षातून दोनदा, जूनमधल्या एका शनिवारी रात्री आणि सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी, हा उभा केला जातो. डाव्या हातात ढाल, उजव्या हातात चाबूक, चाबकाला जड गोळे. घोडेस्वार भरधाव येतो, ढालीवर भाला हाणतो आणि त्या दणक्याने बुरात्तो गर्रकन फिरतो. स्वार वेळेत निसटला नाही, तर गोळे त्याच्या पाठीत. या खेळाचं नाव ‘जोस्त्रा देल साराचिनो’. साराचिनो म्हणजे सारासेन. युरोपातले ख्रिस्ती लोक मुसलमान शत्रूला त्या काळी या नावाने ओळखत.

बघणाऱ्याला वाटतं, हे मध्ययुगापासून असंच चालत आलंय. इथेच जरा थांबायला हवं.

मध्ययुगातल्या झुंजी खऱ्या होत्या. माणसासमोर माणूस असायचा, आणि माणसं मरायची. चर्चने ११३० साली क्लेरमाँच्या धर्मसभेत त्यांवर बंदी घातली. झुंजीत मेलेल्याला चर्चच्या भूमीत पुरायचं नाही, इथवर मजल गेली. ही बंदी कुणी फारशी पाळली नाही आणि १३१६ साली पोपनेच ती उठवली. आरेत्सोच्या मुलखातल्या झुंजी आपण पाहिल्याचं दान्तेने ‘इन्फेर्नो’च्या बाविसाव्या सर्गाच्या सुरुवातीला सांगितलं आहे. लाकडी पुतळा तेव्हाही होता, पण सरावापुरता. आपल्याकडे पैलवानाला मल्लखांब, तसा त्यांना तो.

पुढे झुंजीचं प्रदर्शन झालं. फ्लॉरेन्सच्या सांता क्रोचे चौकात १४६९ साली लोरेन्झो मेदिचीची आणि १४७५ साली त्याचा भाऊ जुलियानोची झुंज झाली, त्यात युद्धापेक्षा रेशीम आणि मोती जास्त होते. मग १५५९ साली पॅरिसमध्ये फ्रान्सचा राजा दुसरा हेन्री, म्हणजे मेदिची घराण्याचा जावई, अशाच एका खेळात तुटलेल्या भाल्याच्या तुकड्याने जखमी होऊन मेला. समोरासमोरची झुंज आधीच मागे पडत चालली होती, आता तिची उरलीसुरली हौसही ओसरली. सरावाचा पुतळा हाच मुख्य खेळ झाला. आरेत्सोचे लेखी नियम आहेत १६७७ चे. म्हणजे शिवाजी महाराज दक्षिण दिग्विजयावर होते, तो काळ. याला मध्ययुग कसं म्हणणार?

अठराव्या शतकात तोही खेळ बंद पडला. तो परत आला थेट १९३१ साली, फॅसिस्ट राजवटीत. तेव्हाच्या राज्यकर्त्यांना पराक्रमी भूतकाळ हवा होता, शहराला पाहुणे हवे होते. पोशाख, निशाणं, मिरवणूक सगळं नव्याने बसवलं गेलं. फोलिन्यो शहराने १६१३ च्या झुंजीचा आधार घेऊन १९४६ साली, महायुद्ध संपताच, आपली ‘क्विन्ताना’ सुरू केली. आस्कोली पिचेनोची १९५५ ची.

मग हे सगळं खोटं म्हणायचं का? आम्हाला तसं वाटत नाही. आरेत्सोच्या चार पेठांमधली चुरस विचारा! प्रत्येक पेठेचे दोन स्वार, प्रत्येकाची एक दौड. ढालीवर एक ते पाच गुण, भाला मोडला तर दुप्पट. बक्षीस सोन्याचा भाला. दौडीआधी प्रत्येक पेठेच्या चर्चमध्ये स्वाराला आशीर्वाद दिला जातो. फॅसिस्ट गेले, ही ईर्षा राहिली. कारण ती कुणाच्या हुकमाने आलेली नव्हती.

एक गोष्ट मात्र आपल्याला, म्हणजे हिंदुस्थानातल्या श्रोत्यांना, टोचायला हवी. बुरात्तोचं बिरुद आहे ‘रे देल्ले इंदिये’, म्हणजे इंडीजचा राजा! आता हे इंडीज म्हणजे नेमका आपला देश नव्हे. त्या काळी दूरच्या कुठल्याही मुलखाला हे नाव चालायचं. पण सारासेनही तोच आणि इंडीजचा राजाही तोच, यावरून कळतं की शत्रू कोण याची फारशी पर्वा नव्हती. परका दिसला की पुरे. आस्कोलीतही पुतळा ‘मोरो’, म्हणजे मूरच.

आणि हे असंच असायला हवं असंही नाही. फोलिन्योत पुतळा आहे तो रोमन युद्धदेव मार्सचा. त्याच्या हातातल्या कड्या भाल्याच्या टोकाने उचलायच्या, आणि फेरीगणिक कडी लहान होत जाते. सार्डिनियातल्या ओरिस्तानोत तर शत्रूच नाही. कार्निव्हलच्या शेवटच्या रविवारी आणि मंगळवारी तिथे ‘सार्तिल्या’ होते. रस्त्यावर टांगलेल्या छिद्राच्या ताऱ्यात तलवारीचं टोक घालायचं, इतकंच. प्रमुख स्वार मुखवटा घालतो. त्याला टेबलावर उभं करून स्त्रिया सजवतात, तिथून तो थेट घोड्यावर बसतो. पुन्हा पोशाख उतरेपर्यंत त्याचे पाय जमिनीला लागू द्यायचे नाहीत. जितके तारे टिपले जातील, तितकं त्या वर्षीचं पीक चांगलं, असं तिथले लोक मानत आले आहेत.