जत्रेला जाऊ द्यावे काय?

झाशीहून माणिकपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर मऊरानीपूर लागते. सुखनई नदीच्या काठचे हे गाव हातमागासाठी ओळखले जाते. पण भाद्रपदात तेथे भरणाऱ्या जलविहाराच्या मेळ्याची ख्याती बुंदेलखंडात त्याहूनही मोठी आहे. देवळांतील मूर्ती सजविलेल्या विमानांत बसवून वाजतगाजत नदीवर नेतात आणि साऱ्या पंचक्रोशीतील माणसे त्यांच्यामागून लोटतात.

हातमागावरील एका लेखाच्या निमित्ताने प्रस्तुत लेखक त्या सुमारास तेथे गेला होता. मुक्काम एका मराठी कुटुंबात होता. पूर्वज पेशवाईत झाशीकडे आलेले. घरात मराठी टिकून आहे, पण तिचा सूर बुंदेली झाला आहे. यजमानांच्या मातोश्रींचे वय अठ्ठ्याहत्तर. मेळ्याच्या आदल्या रात्री जेवणे आटोपताना त्यांनी घाटावर जाण्याची गोष्ट काढली.

“आई, गर्दीत तुला धक्का लागला, पडलीस, तर?” यजमान म्हणाले. “मी तुला सगळे फोनवर दाखवितो. घरी पाय पसरून पाहा.”

“देव वर्षातून एकदा नदीवर जातात, आणि मी ते डबीत पाहू?” मातोश्री म्हणाल्या, आणि उठून गेल्या.

असा प्रसंग आषाढी जवळ आली म्हणजे महाराष्ट्रातही पुष्कळ घरांत घडतो. मुलांची काळजी खोटी नसते. ३ फेब्रुवारी १९५४ रोजी प्रयागच्या कुंभात चेंगराचेंगरी होऊन शेकडो माणसे दगावली; २५ जानेवारी २००५ रोजी वाई तालुक्यातील मांढरदेवीच्या यात्रेत सुमारे तीनशे. असे असताना वृद्ध माणसास गर्दीत पाठविणे शहाणपणाचे कसे म्हणावे? जत्रा म्हणजे धूळ, गोंगाट आणि रोगराई, हेच या लेखकाचेही मत होते.

या मताची परीक्षा मऊरानीपूर ज्या उत्तर प्रदेशात आहे, तेथेच झालेली आहे. अलाहाबाद विद्यापीठातील नारायणन् श्रीनिवासन, डंडी विद्यापीठातील निक हॉपकिन्स आणि त्यांचे भारतीय व ब्रिटिश सहकारी यांनी प्रयागच्या माघमेळ्याचा अभ्यास केला. तेथे कल्पवासी महिनाभर गंगेच्या वाळूवर तंबूत राहतात. ऐन थंडीत पहाटे स्नान, अन्न बेताचे, आणि ध्वनिक्षेपक दिवसरात्र चालू. संशोधकांनी मेळ्यापूर्वी एक महिना आणि तो संपल्यावर एक महिन्याने ४१६ कल्पवाशांना आणि मेळ्यास न गेलेल्या १२७ जणांना त्यांच्या स्वास्थ्याविषयी व दुखण्याखुपण्यांविषयी प्रश्न विचारले. न गेलेल्यांच्या तुलनेत कल्पवाशांचे स्वास्थ्य, त्यांच्या स्वतःच्या सांगण्याप्रमाणे, वाढलेले आढळले. हा निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या महिन्यात शरीराचे हाल झाले, त्याचा लाभ घरी परतून महिना झाल्यावरही जाणवत होता, ही त्यातील ध्यानात घेण्याजोगी गोष्ट. अर्थात कोणी मेळ्यास जावे हे चिठ्ठ्या टाकून ठरविलेले नव्हते; ज्यांना जावयाचे होते तेच गेले होते. तेव्हा या आकड्यांवर फार मोठा इमला रचू नये. तरीही जत्रेने माणूस खंगतोच, असे म्हणण्याची सोय आता उरलेली नाही.

हे घडते कसे? याच गटातील संशोधकांनी आवाजावर एक प्रयोग केला. एकच गोंगाट काहींना मेळ्यातील म्हणून ऐकविला, काहींना शहरातील रस्त्यावरचा म्हणून. मेळ्यातील म्हणून ऐकणाऱ्यांनी तो अधिक वेळ ऐकला आणि त्यांना तो कमी त्रासदायक वाटला. कानावर पडणारा आवाज तोच. तो आपला की परका, एवढाच फरक. गर्दीचेही तसेच आहे. मुंबईच्या लोकलमध्ये खांद्याला लागलेला खांदा आपल्याला चिडवितो. दिंडीत तोच आधार वाटतो. भोवतीची माणसे आपली आहेत, वेळ पडल्यास ती हात देतील, असा विश्वास ज्यांना मेळ्यात अधिक वाटला, त्यांची प्रकृतीही पुढे अधिक चांगली आढळली.

मग हा आपलेपणा ज्याच्या वाट्यास येत नाही त्याचे काय? इरावती कर्वे स्वतः पंढरीच्या वाटेने चालल्या होत्या. एकाच दिंडीत चालणारे, एकच अभंग गाणारे ब्राह्मण आणि मराठे जेवावयास मात्र वेगळे बसतात, याचे त्यांना रोज वाईट वाटे, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. रांगेबाहेर बसविलेल्यास गर्दीचा लाभ नाही. त्याच्या वाट्यास फक्त धूळ येते. आणि घरी फोनपुढे बसविलेल्या मातोश्री? त्यांना विमाने दिसली असती, कदाचित अधिक स्पष्ट दिसली असती. पण शेजारी कोणी सरकून जागा दिली नसती.

दुसऱ्या दिवशी यजमानांनी मध्यममार्ग काढला. गर्दी होण्यापूर्वी, दुपारीच, घडीची खुर्ची, पाण्याची बाटली आणि गोळ्यांची डबी घेऊन त्यांनी मातोश्रींना घाटाच्या कडेला, बाहेर पडण्याची वाट जवळ असेल अशा ठिकाणी नेऊन बसविले. खिशात नाव व दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवली. आम्ही दोघे जवळच उभे होतो. घटकाभरात खुर्ची रिकामी दिसली, तेव्हा यजमानांचा चेहरा पांढरा पडला. मातोश्री खाली पायरीवर, अनोळखी बायकांच्या घोळक्यात, कोणाच्या तरी नातवाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. विमाने आली तेव्हा साऱ्याजणी एकदम उठल्या आणि त्यांना दोन बाजूंनी दोघींनी धरून उठविले.

रात्री गुडघे चांगलेच सुजले. सून तेल चोळीत होती आणि मातोश्री सांगत होत्या की शेजारच्या बाईने माघात नातीच्या लग्नाला अगत्याने यावयास सांगितले आहे.

“पत्ता घेतलात का, आई?” सुनेने विचारले.

तो घ्यावयाचा राहिला होता.