हातातोंडाशी आलेले खेळाडू: अमेरिकी महाविद्यालयीन बास्केटबॉलमधील जर-तर

अमेरिकेत बास्केटबॉलचा मोठा खेळाडू बहुधा शाळा आणि व्यावसायिक संघ यांच्या मधल्या टप्प्यावर, म्हणजे विद्यापीठाच्या संघात घडतो. आणि त्या संघात कोणी यायचे हे प्रवेशपरीक्षेने ठरत नाही, तर प्रशिक्षकांनी देशभरच्या शाळांतून हेरलेल्या मुलांचे व त्यांच्या घरच्यांचे मन कोण वळवू शकतो यावर ठरते. या खटाटोपाला तिथे ‘रिक्रूटिंग’ म्हणतात. प्रशिक्षक सतरा-अठरा वर्षांच्या मुलाचे सामने पाहायला जातात, त्याच्या आईवडिलांना भेटतात, त्याला विद्यापीठाचा परिसर दाखवायला बोलावतात आणि अखेर शिक्षणशुल्क, निवास व भोजन यांचा खर्च उचलणारी शिष्यवृत्ती देऊ करतात. मुलाचा तोंडी होकार कोणालाच बांधून ठेवत नाही. 1964 पासून 2024 पर्यंत खरी बांधिलकी येत असे ती ‘लेटर ऑफ इंटेंट’ या करारपत्रावर सही झाल्यावर, कारण त्यानंतर इतर विद्यापीठांना त्या मुलाची मनधरणी करता येत नसे. मैदानावर एका वेळी प्रत्येक संघाचे पाचच खेळाडू असल्यामुळे एकाच मुलाच्या येण्या-न येण्याने संघाचे चित्र पालटू शकते, आणि म्हणूनच हातातोंडाशी आलेला खेळाडू निसटल्याची हळहळ या खेळात अनेक दशके टिकून राहते.

ही हळहळ सहसा दैवाच्या नावे मांडली जाते. गाजलेली उदाहरणे बारकाईने पाहिली, तर मात्र दैवापेक्षा वर्णभेद, पैसा, नियम आणि संस्थेचा स्वभाव यांचाच हात त्यांत अधिक दिसतो, आणि चाहत्यांच्या जर-तरमध्ये ज्याला जागा नसते तो मुलगा या साऱ्याच्या मध्यभागी उभा असतो.

नॉर्थ कॅरोलायना राज्यातील डेव्हिडसन हे शार्लट शहराजवळचे छोटे महाविद्यालय. 1960 मध्ये तिथे प्रशिक्षक म्हणून आलेल्या लेफ्टी ड्रिझेल यांनी चिकाटीने मुले हेरून त्याचा संघ देशातल्या मातब्बर संघांच्या पंक्तीला नेऊन बसवला. 1966 च्या सुमारास त्यांनी चार्ली स्कॉट या कृष्णवर्णीय मुलाचा होकार मिळवला होता. न्यूयॉर्कमध्ये वाढलेला स्कॉट त्याच राज्यातील लॉरिनबर्ग इन्स्टिट्यूट या शाळेत शिकत होता आणि अभ्यासातही अव्वल होता. तो आपल्या शालेय प्रशिक्षकांसह डेव्हिडसनला गेला असता गावातील एका उपाहारगृहाने त्यांना वर्णावरून सेवा नाकारली, आणि त्याचा विचार बदलला. डीन स्मिथ प्रशिक्षक असलेल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात तो गेला आणि तिथला शिष्यवृत्ती मिळालेला पहिला कृष्णवर्णीय बास्केटबॉलपटू ठरला. पुढे राष्ट्रीय स्पर्धेच्या विभागीय अंतिम सामन्यात, म्हणजे देशातील शेवटच्या चार संघांत पोहोचण्याच्या उंबरठ्यावर, 1968 मध्ये आणि पुन्हा 1969 मध्ये डेव्हिडसनची गाठ याच विद्यापीठाशी पडली. डेव्हिडसन दोन्ही वेळा हरले, आणि दुसऱ्या सामन्यात 87-85 असा निकाल लावणारी अखेरच्या क्षणाची फेक स्कॉटची होती. डेव्हिडसनने स्कॉटला गमावले असे म्हणणे अपुरे आहे. प्रशिक्षकाने वर्षानुवर्षे जोडलेला विश्वास गावातल्या एका दाराशी मोडला, आणि त्या दारातून परत फिरलेल्या मुलाने तो अपमान गिळून तिथेच शिकायला यावे अशी अपेक्षा कोणालाही न्याय्य ठरवता येणार नाही.

वर्णद्वेषाची ही किंमत नंतर खुद्द नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठालाही चुकली नाही. 1981 मध्ये सर्वांना हवा असलेला उंचापुरा पॅट्रिक ईविंग या विद्यापीठाचा गांभीर्याने विचार करत होता, परंतु तिथल्या भेटीच्या वेळी परिसरात कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी संघटनेचा मेळावा भरल्याने आपले मन फिरले, असे त्याने पुढे स्वतः सांगितले आहे. तो जॉर्जटाऊनला गेला. 1982 च्या अंतिम सामन्यात नॉर्थ कॅरोलायनाने त्याच जॉर्जटाऊनला 63-62 असे हरवले, आणि निर्णायक गुण मिळवले ते मायकेल जॉर्डन या पहिल्या वर्षाच्या खेळाडूने. जॉर्डन आणि ईविंग एकाच संघात असण्याची शक्यता इतकी जवळून गेली होती.

ड्रिझेल यांच्याकडे पुन्हा वळले पाहिजे, कारण त्यांची कारकीर्द म्हणजे या विषयाचा अर्धा इतिहास आहे. 1969 मध्ये ते मेरीलँड विद्यापीठात गेले आणि 1974 मध्ये त्यांनी व्हर्जिनियातील पीटर्सबर्गच्या मोझेस मलोन या मुलाची करारपत्रावर सहीसुद्धा मिळवली. तरीही तो आला नाही. ते करारपत्र इतर विद्यापीठांना रोखू शकत होते, व्यावसायिक संघांना नव्हे. अमेरिकन बास्केटबॉल असोसिएशन या तेव्हाच्या दुसऱ्या व्यावसायिक लीगमधील युटा स्टार्स संघाने पैसे पुढे केले आणि गरिबीत वाढलेला, आईने एकटीने वाढवलेला मलोन शाळेतून थेट व्यावसायिक खेळात उतरला. पुढे एनबीए लीगमध्ये तो तीनदा वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. ड्रिझेल यांनी चार संस्थांमध्ये मिळून 786 सामने जिंकले, पण शेवटच्या चारांत त्यांचा संघ एकदाही पोहोचला नाही. मलोनचा निर्णय चुकीचा होता असे मात्र म्हणता येत नाही: विद्यापीठे त्या काळी लाखो डॉलरची तिकिटे विकत होती आणि मुलाच्या हाती शिष्यवृत्तीपलीकडे काहीच देत नव्हती.

लॅरी बर्डची गोष्ट वेगळ्या वळणाची आहे, कारण तिथे खेळाडू हाती येऊन गेला. फ्रेंच लिक या इंडियाना राज्यातील लहानशा गावचा हा मुलगा 1974 मध्ये बॉबी नाइट यांच्या इंडियाना विद्यापीठात दाखल झाला आणि एकही सामना न खेळता, महिनाही पुरा न करता घरी परतला. हजारो विद्यार्थ्यांच्या त्या प्रचंड आवारात तो बुजला, खिशात पैसे नव्हते, आणि त्याला सांभाळून घेणारे कोणी भेटले नाही. गावात त्याने नगरपालिकेची कामे केली, कचरागाडीवरही तो जात असे. त्यानंतर इंडियाना स्टेट या कमी नावाजलेल्या विद्यापीठाच्या प्रशिक्षकांनी त्याला संयमाने गाठून टेरे हॉट शहरी आणले.

बर्डशिवाय नाइट यांच्या संघाचे काही अडले नाही. 1976 मध्ये त्या संघाने 32 पैकी 32 सामने जिंकून विजेतेपद मिळवले, आणि अपराजित विजेतेपदाचा तो पराक्रम पुरुषांच्या स्पर्धेत त्यानंतर अनेक दशके कोणालाही साधला नाही. पण बर्ड तिथे टिकला असता तर 1979 चा अंतिम सामना जसा झाला तसा झाला नसता: एकीकडे तोवर एकही सामना न हरलेले इंडियाना स्टेट आणि बर्ड, दुसरीकडे मॅजिक जॉन्सनचे मिशिगन स्टेट. मिशिगन स्टेट 75-64 असे जिंकले, आणि दूरचित्रवाणीवरील लोकप्रियतेच्या मोजणीत त्या सामन्याने गाठलेली पातळी महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये पुढे दीर्घकाळ कोणालाच गाठता आली नाही. तेव्हा इंडियानाचे काय हुकले या प्रश्नापेक्षा तो मुलगा तिथे का टिकला नाही हा प्रश्न अधिक खोल आहे. खेळाडू हेरण्यात ते विद्यापीठ कमी पडले नव्हते, त्याला रुजवण्यात पडले.

पारखण्यातली चूकही अर्थात होते, आणि तिचे ठळक उदाहरण पुन्हा डेव्हिडसनशीच येऊन भिडते. स्टेफन करीचे आई-वडील दोघेही व्हर्जिनिया टेक विद्यापीठाचे खेळाडू. तरीही अंगाने किरकोळ अशा या मुलाला त्या विद्यापीठाने शिष्यवृत्ती न देता केवळ संघात येण्याची मुभा देऊ केली, ज्याला तिथे ‘वॉक-ऑन’ म्हणतात. डेव्हिडसनचे प्रशिक्षक बॉब मकिलप यांनी त्याची नेमबाजी आणि चुकल्यावरही न खचणारी वृत्ती पाहून शिष्यवृत्ती दिली. पहिल्याच वर्षी त्याने सामन्यामागे 21.5 गुण मिळवले, आणि 2008 मध्ये डेव्हिडसन गोन्झागा, जॉर्जटाऊन व विस्कॉन्सिन यांना हरवत विभागीय अंतिम सामन्यापर्यंत गेले. तिथे पुढे विजेता ठरलेल्या कॅन्सासकडून ते 59-57 असे हरले. 1969 प्रमाणे याही वेळी अंतर दोनच गुणांचे होते.

आता नियमच बदलले आहेत. 2018 पासून संस्था बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची नावे ‘ट्रान्सफर पोर्टल’ नावाच्या यादीत येतात. 2021 मध्ये पहिल्यांदा संस्था बदलल्यावर वर्षभर बाहेर बसण्याची सक्ती गेली आणि त्याच वर्षी खेळाडूंना आपल्या नाव-प्रतिमेच्या जाहिरातींतून पैसे मिळवण्याची परवानगी मिळाली. मलोनसारख्या मुलाला हे फार आधी मिळायला हवे होते, आणि बर्डसारख्या मुलाला कचरागाडीवर न जाताही दुसरे विद्यापीठ शोधता आले असते. मात्र सामन्यामागे 21.5 गुण मिळवणाऱ्या करीला 2007 च्या वसंतातच मोठ्या विद्यापीठांनी पैसे घेऊन गाठले असते, आणि 2008 च्या त्या मोहिमेसाठी तो डेव्हिडसनमध्ये राहिला असता की नाही हे सर्वस्वी त्याच्या इच्छेवर अवलंबून राहिले असते.